लांता बेटे : आपल्याच महासागराच्या दुसऱ्या काठावर

गेल्या सत्रात आम्ही सहावीच्या वर्गाला किनारपट्टीचा धडा शिकवीत होतो. खाडी, खडक, वाळू, प्रवाळ असे शब्द फळ्यावर लिहून झाले होते. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. त्याचे आजोबा जन्मभर मासेमारी करीत आले आहेत. तो म्हणाला, "गुरुजी, समुद्रकिनारा कुणाचा असतो?" आम्ही पुस्तकातले उत्तर दिले : सरकारचा, म्हणजेच सर्वांचा. मुलगा क्षणभर थांबला आणि म्हणाला, "मग आजोबा जिथे होडी लावायचे, तिथे आता कुंपण का?" इतक्यात घंटा झाली. मुले बाहेर पळाली आणि प्रश्न आमच्यापाशीच राहिला.

त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हांला आपल्या बेटापासून फार दूर जावे लागले. वाचकांनीही आमच्याबरोबर नकाशा उघडावा. पोर्ट लुईसवर बोट ठेवून ते ईशान्येकडे सरकवीत न्यावे. दियेगो गार्सियाच्या बाजूने पुढे जाऊन सुमात्राचे उत्तर टोक ओलांडले की अंदमान समुद्र लागतो. हा समुद्र म्हणजे आपल्याच हिंदी महासागराचा पूर्वेकडील भाग होय. त्याच्या पूर्व काठावर थायलंडचा क्राबी प्रांत आहे आणि त्या प्रांताच्या दक्षिण भागात लांता नावाचा एक लहानसा बेटांचा जिल्हा आहे. तेथील घड्याळ आपल्यापेक्षा तीन तास पुढे असते. मात्र तेथील माणसांपुढचे प्रश्न पाहिले, तर आपण एकाच गल्लीत राहतो की काय असे वाटते.

भूमी, वारा आणि पाणी

जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे ३४० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे आपल्या रोद्रीग बेटाच्या जवळजवळ तिप्पट. लोकवस्ती तीस-पस्तीस हजारांच्या घरात आहे. लहानमोठी मिळून पन्नासच्या आसपास बेटे या जिल्ह्यात मोडतात आणि शिवाय मुख्य भूमीचा एक तुकडाही त्याला जोडलेला आहे. त्यांतील दोन बेटे प्रमुख : उत्तरेकडील 'लांता नोई', म्हणजे धाकटे लांता, आणि दक्षिणेकडील 'लांता याय', म्हणजे थोरले लांता. क्राबी शहरापासून रस्त्याने हे अंतर सुमारे ७० किलोमीटर पडते.

थोरले लांता लांबट आहे. त्याच्या मधोमध उत्तर-दक्षिण डोंगराची रांग गेली आहे आणि तिच्यावर दाट झाडी आहे. या डोंगरामुळे बेटाच्या दोन बाजू दोन निराळ्या जगांसारख्या झाल्या आहेत. पश्चिमेकडे मोकळा समुद्र आणि एकामागून एक वाळूचे किनारे आहेत. पर्यटक येतात ते इकडेच. पूर्वेकडची बाजू शांत व उथळ. तेथे चिखलाच्या खाड्या, कांदळवन आणि जुनी गावे आहेत. धाकटे लांता सखल असून त्याच्या कडेलाही कांदळवनाची झालर आहे. दक्षिणेकडे खोल समुद्रात रोक, हा अशी प्रवाळाने वेढलेली छोटी बेटे आहेत. हा सारा टापू आणि थोरल्या लांताचे दक्षिण टोक मिळून १९९० मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. टोकाला एक पांढरा दीपस्तंभ उभा आहे.

मे ते ऑक्टोबर या काळात तेथे नैर्ऋत्य मोसमी वारा वाहतो. आमच्या पणजोबांच्या कोकणात आषाढात जो पाऊस कोसळतो, तो ज्या वाऱ्याने येतो त्याच वाऱ्याचे हे पूर्वेकडचे रूप. या दिवसांत पश्चिम किनाऱ्यावर समुद्र खवळलेला असतो, उद्यानातील दूरची बेटे बंद ठेवतात आणि होड्या वर ओढून ठेवल्या जातात. पाऊस सरला की पुन्हा पाहुण्यांची गर्दी सुरू होते.

समुद्राची माणसे

या बेटांवर प्रथम कोण आले? तेथील सर्वांत जुने रहिवासी म्हणून ज्यांना मानतात, त्यांचे नाव 'उराक लवोई'. त्यांच्या भाषेत उराक म्हणजे माणूस आणि लवोई म्हणजे समुद्र. ही भाषा मलय कुळातली आहे. थाई लोक अशा सर्व समुद्रवासी जमातींना 'चाओ ले' म्हणतात, त्याचाही अर्थ समुद्राची माणसे असाच. लांताचे त्यांनी ठेवलेले जुने नाव 'पुलाव सताक', म्हणजे लांब वाळूचे बेट. वर्षाचे काही महिने दूरच्या बेटांवर तात्पुरत्या झोपड्या घालून मासे, शंखशिंपले, समुद्रकाकड्या गोळा करायच्या आणि वारा फिरला की परतायचे, अशी त्यांची रीत होती. या मुक्कामी फेरीला ते 'बागाड' म्हणतात.

वर्षातून दोनदा, चांद्र वर्षाच्या सहाव्या आणि अकराव्या महिन्याच्या पौर्णिमेला, ते 'लोय रुआ' नावाचा उत्सव करतात. हलक्या लाकडाची एक शोभिवंत होडी बांधायची, तिच्यावर कोरीव पक्षी बसवायचे, प्रत्येक घरच्या माणसांची नखे आणि केस तिच्यात ठेवायचे आणि मग ती समुद्रात सोडून द्यायची. कुटुंबाची पीडा आणि दुर्दैव होडीबरोबर दूर जाते, अशी श्रद्धा आहे. रात्रभर व्हायोलिन आणि डफांच्या साथीने 'रोंग ङेंग' नाच चालतो. आपण गणपती पाण्यात पोहोचवतो त्याचा अर्थ निराळा आणि त्यांच्या होडीचा अर्थ निराळा. तरी पाण्यात पाय बुडवून उभ्या असलेल्या त्या म्हाताऱ्यांची चित्रे पाहिली, तेव्हा आम्हांला आपल्या गावच्या झाकरीतल्या आजोबांची आठवण झाल्यावाचून राहिली नाही.

त्यांच्यानंतर मलय वंशाचे मुसलमान शेतकरी आणि मासेमार आले. आज जिल्ह्यात त्यांचीच संख्या सर्वांत मोठी आहे. नंतर चिनी व्यापारी आले. पूर्व किनाऱ्यावर 'बान सी राया' नावाचे जुने गाव आहे. तेथे चिन्यांनी बांधलेली लाकडी घरे एका बाजूने रस्त्याला लागून आहेत आणि दुसऱ्या बाजूने खांबांवर थेट समुद्रात गेली आहेत. पुढे दुकान, मध्ये घर, मागे धक्का अशी ही मांडणी. फुकेत, पिनांग आणि सिंगापूर यांच्या दरम्यान ये-जा करणारी जहाजे येथे थांबत. कांदळवनाची लाकडे भट्टीत जाळून केलेला कोळसा येथून पिनांगकडे जाई. पुढे सरकारने कांदळवन तोडण्याचे परवाने बंद केले आणि भट्ट्या थंडावल्या. थुंग यी पेंग नावाच्या गावाने तेच कांदळवन राखून आता त्यातून पाहुण्यांना होडीने फिरवण्याचा उद्योग चालवला आहे. ज्या झाडांवर आजोबांनी कुऱ्हाड चालवली, ती झाडे उभी ठेवून नातवंडे पोट भरतात. हा बदल आम्हांला मोठा वाटतो.

कारभार कसा चालतो

आता थोडे कारभाराविषयी, कारण आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथेच आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत सयाममध्ये दूरच्या मुलखांवर स्थानिक सरदार घराण्यांचा अंमल असे. एका बाजूस ब्रह्मदेशात आणि मलायात इंग्रज, दुसऱ्या बाजूस इंडोचीनमध्ये फ्रेंच, अशा कात्रीत सापडलेल्या राजा चुलालोंगकोर्न यांनी राज्यकारभाराची पुनर्रचना केली. १८९२ मध्ये राजपुत्र दामरोंग यांना अंतर्गत कारभाराचे मंत्री नेमण्यात आले. देशाचे मोठे विभाग पाडले, त्यांखाली प्रांत, प्रांताखाली जिल्हे, आणि प्रत्येक ठिकाणी बँकॉकने पगारावर नेमलेला अधिकारी, अशी ही रचना. याच लाटेत १९०१ मध्ये लांता जिल्हा स्थापन झाला आणि बान सी राया येथे लाकडी कचेरी उभी राहिली. ती इमारत आजही आहे. कचेरी पुढे धाकट्या लांतावर हलविण्यात आली आणि जुन्या वास्तूत बेटावरील लोकजीवनाचे संग्रहालय मांडले गेले. मोठे विभाग १९३३ मध्ये रद्द झाले. प्रांत आणि जिल्हे मात्र राहिले.

आजची शिडी अशी आहे. वर प्रांत, त्याला थाई भाषेत 'चांगवात' म्हणतात. त्याखाली जिल्हा, म्हणजे 'अम्फो'. महाराष्ट्रातल्या वाचकाला तालुका म्हटले की ज्या आकाराची कल्पना येते, तसा हा घटक. त्याखाली 'तांबोन' आणि शेवटी गाव, म्हणजे 'मूबान'. लांता जिल्ह्यात पाच तांबोन आहेत : लांता याय, लांता नोई, क्लांग, क्लोंग यांग आणि साला दान. प्रांताचा गव्हर्नर आणि जिल्ह्याचा अधिकारी यांना गृहखाते नेमते. त्यांना लोक निवडून देत नाहीत. गावचा पाटील, म्हणजे 'फूयायबान', याला गावकरी निवडतात आणि पाटलांतून तांबोनचा प्रमुख 'कामनान' होतो. याशिवाय १९९४ च्या कायद्याने तांबोनांना आपापली निवडून आलेली परिषद मिळाली. रस्ते, दिवे, कचरा, बालवाडी अशी कामे तिच्याकडे असतात.

म्हणजे एकाच गावात दोन कारभार शेजारी शेजारी चालतात. एक बँकॉकहून खाली येणारा, दुसरा गावातून वर जाणारा. गावची परिषद दिवे लावू शकते. परंतु जमिनीचा दाखला, राष्ट्रीय उद्यानाची हद्द, किनाऱ्यावरचे नियम, मोठे पूल हे सारे वरून ठरते. आपल्याकडे रोद्रीगला २००१ च्या कायद्याने स्वतःची प्रादेशिक विधानसभा मिळाली आणि २००२ मध्ये तिची पहिली निवडणूक झाली. लांताच्या बेटवासीयांना असे व्यासपीठ नाही. आपण रोद्रीगच्या कारभाराविषयी कितीही कुरकुर केली, तरी ही तुलना लक्षात ठेवण्यासारखी आहे.

कागदावर नसलेली जमीन

आता त्या कुंपणाकडे येऊ. थायलंडमध्ये १९५४ साली जमीन संहिता लागू झाली. ज्यांच्या ताब्यात जमीन आहे त्यांनी ठराविक मुदतीत सरकारी कचेरीत तशी नोंद करावी, असे तिच्यात होते. ज्यांना लिहितावाचता येत होते आणि कचेरीची वाट ठाऊक होती, त्यांनी नोंदी केल्या. उराक लवोईंची रीत निराळी. माड लावणारा माडाचा धनी, विहीर खणणारा पाणी पाजणारा. किनारा सर्वांचा आणि समुद्र कुणाचाच नाही. नोंद कशाची करायची? पुढे पर्यटन आले, वाळूची किंमत वाढली, आणि पिढ्यान्‌पिढ्या राहत असलेल्या जागेचा कागद दुसऱ्याच कुणाच्या नावे आहे, असे अनेक कुटुंबांना कळले. होड्या लावण्याच्या वाटा अडल्या. पूर्वजांच्या दफनभूमींवरूनही तंटे झाले. १९९० च्या उद्यानामुळे प्रवाळ आणि मासे राखले गेले हे खरे, परंतु ज्या बेटांवर बागाडसाठी जायचे, त्यांतल्या काही बेटांभोवती मासे धरण्यास मनाई झाली.

त्यानंतर २६ डिसेंबर २००४ चा दिवस उजाडला. सुमात्राजवळच्या भूकंपाने उठलेल्या त्सुनामीने थायलंडच्या अंदमान किनाऱ्यावर पाच हजारांहून अधिक माणसे दगावली. क्राबी प्रांतातील फी फी बेटावर मोठा हाहाकार झाला. लांताला त्या मानाने कमी झळ बसली, तरी पश्चिम किनाऱ्यावरची घरे, होड्या आणि जाळी वाहून गेली. त्याच लाटा, पुष्कळ ओसरून, काही तासांनी रोद्रीगच्या आणि आपल्या किनाऱ्यालाही लागल्या. आमच्यापैकी अनेकांना तो दिवस आठवत असेल. उत्तरेकडच्या सुरिन बेटांवरील मोकेन या दुसऱ्या समुद्रवासी जमातीने पाणी ओसरताना पाहिले, वडीलधाऱ्यांच्या जुन्या गोष्टी आठवल्या आणि उंच जागी धाव घेऊन जीव वाचवले. कुठल्याही कचेरीत न नोंदवलेले ते ज्ञान त्या दिवशी कामास आले.

त्सुनामीनंतर मदत आली, पत्रकार आले आणि या माणसांचे प्रश्न प्रथमच बँकॉकच्या टेबलावर गेले. २ जून २०१० रोजी थाई मंत्रिमंडळाने चाओ ले लोकांची जीवनपद्धती सावरण्यासाठी ठराव केला. राहत्या जागेची सुरक्षितता, पारंपरिक मासेमारी, आरोग्य, भाषा आणि संस्कृती हे विषय त्यात होते. ठराव म्हणजे कायदा नव्हे. कुठे अंमल झाला, कुठे फायलीत राहिला. पुढे २०२५ मध्ये संसदेने वांशिक समूहांच्या जीवनपद्धतीच्या संरक्षणाचा कायदा मंजूर केला. पहिल्या ठरावापासून येथवर यायला पंधरा वर्षे लागली. तेवढ्यात त्सुनामीनंतर जन्मलेले मूल वीस वर्षांचे झाले.

पूल आणि कोळसा

२०१६ मध्ये धाकट्या आणि थोरल्या लांताला जोडणारा 'सिरी लांता' पूल खुला झाला. त्याआधी मुख्य भूमीवरून थोरल्या लांताला जायचे तर मोटारीला दोनदा तरीत चढावे लागे. पुलाने एक तर वाचली. रात्री-अपरात्री आजारी पडलेल्या बाईला रुग्णालयात न्यायचे असेल, तर पूल म्हणजे काय हे बेटावरच्या माणसाला सांगावे लागत नाही. मुख्य भूमीशी जोडणाऱ्या दुसऱ्या पुलाचे कामही २०२० नंतरच्या दशकात हाती घेण्यात आले. मात्र पुलावरून आजारी माणूस बाहेर जातो, तसा जमिनीचा गिऱ्हाईक आतही येतो. किनाऱ्यावर वाढणारा कचरा, पाण्याची ओढ आणि चढत्या किमती या गोष्टी आपल्या उत्तर आणि पश्चिम किनाऱ्यावरील वाचकांना नव्याने समजावण्याची गरज नाही.

तरीही बेटवासी नुसते पाहत बसले असे नाही. क्राबी प्रांतात, लांताच्या शेजारच्या नुआ क्लोंग जिल्ह्यात, ८०० मेगावॉटचे कोळशावर चालणारे वीजकेंद्र बांधण्याचा बेत होता. कोळशाची जहाजे याच समुद्रातून, माशांच्या आणि सागरी गवताच्या टापूजवळून जाणार होती. प्रांतातील मासेमार, हॉटेलवाले, मुसलमान, बौद्ध सारे एकत्र आले. २०१७ मध्ये आणि पुन्हा २०१८ च्या फेब्रुवारीत त्यांनी बँकॉकला जाऊन ठिय्या दिला, काहींनी उपोषण केले. अखेर सरकारने पर्यावरणाचा अभ्यास नव्याने करण्याचे मान्य केले आणि बेत मागे पडला. एरवी पाहुण्यांच्या पैशावरून ज्यांच्यात वाद होतात, ती माणसे समुद्राच्या प्रश्नावर एका रांगेत बसली.

वर्गात परतताना

आपल्याकडे फ्रेंच अमदानीपासून 'पा जेओमेत्रिक' नावाची किनारपट्टी राखलेली आहे. भरतीच्या रेषेपासून ८१.२१ मीटरपर्यंतची ही जमीन सरकारची. म्हणजे १९५४ च्या थाई संहितेपेक्षा आपला किनारा कागदावर अधिक सुरक्षित आहे. पण सरकारी जमीन भाडेपट्ट्याने देता येते आणि पट्टा मिळालेला माणूस कुंपण घालतो. म्हणून पुस्तकातले उत्तर चुकीचे नव्हते, अपुरे होते.

पुढच्या आठवड्यात आम्ही लांताचा नकाशा वर्गात नेला आणि त्या मुलाला उभे करून सांगितले, "तुझ्या प्रश्नाचे आमचे उत्तर अर्धवट होते." मुलांनी बागाडची गोष्ट मन लावून ऐकली. एकीने विचारले, "त्या मुलांना त्यांची भाषा शाळेत शिकवतात का, गुरुजी?" आम्ही सांगितले की शाळा थाई भाषेत चालते आणि उराक लवोई बोलणाऱ्या घरांतही तरुणांच्या तोंडी थाई वाढत आहे. वर्ग थोडा वेळ गप्प राहिला. घरी क्रेओल आणि शाळेत आठवड्यातून काही तास मराठी, अशा मुलांना त्यावर अधिक स्पष्टीकरण नको होते.

मग आम्ही गृहपाठ दिला. आपापल्या आजी-आजोबांना विचारून, होड्या लावण्याच्या, जाळे सुकवण्याच्या, खेकडे धरण्याच्या जागांची नावे लिहून आणा. कुणी कधी वाट वापरली, विहीर कुणी खणली, हेही लिहा. तो मागच्या बाकावरचा मुलगा चार नावे घेऊन आला. त्यांतली दोन आमच्याजवळच्या नकाशात सापडली नाहीत. ती आम्ही पेन्सिलीने नकाशात भरली आणि खाली आजोबांची सही घेतली.

ही वही आता आमच्या वर्गाच्या कपाटात आहे. तिने कुंपण हलणार नाही, हे आम्ही जाणतो. पण उराक लवोईंच्या जागा कुणी वेळेवर लिहून ठेवल्या असत्या, तर पन्नास वर्षांनी त्यांच्या नातवंडांना कचेरीत दाखवायला काहीतरी हाती असते. या पानाच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी असे कुणी जाणते माणूस असेल, त्यांनी या रविवारी त्याच्याजवळ बसावे आणि नावे उतरवून घ्यावीत. शुद्धलेखनाची काळजी करू नये, ती आम्ही तपासू.